भेंडी, चवळी आणि चाळीस एकर

फिलाडेल्फियाच्या सिटी हॉलखालच्या भुयारातून सुटलेली ट्रॉली चाळिसाव्या रस्त्याशी उजेडात येते आणि तिथून शहर बदलत जातं. काचेचे मनोरे मागे राहतात. भिंतीला भिंत लावून उभी असलेली दुमजली विटांची घरं सुरू होतात. रांगेत मध्येच एखादं घर नसतं, तिथं कमरेएवढं गवत माजलेलं असतं. वेण्या घालून देणारी सलून, छोटी छोटी चर्चं, लायबेरियन खाणावळींच्या पाट्या. नैऋत्य फिलाडेल्फियाच्या या भागात पश्चिम आफ्रिकेतून आलेली कुटुंबं चांगली स्थिरावली आहेत. चौपन्नाव्या रस्त्याच्या थांब्यावर उतरलं की जवळच बार्ट्रम गार्डनचं प्रवेशद्वार लागतं. एका बाजूला सरकारी घरकुलांची वसाहत, दुसऱ्या बाजूला स्कूकिल नदी. नदीपलीकडच्या अंगाला दीडशे वर्षं तेलशुद्धीकरण चालायचं. २१ जून २०१९ च्या पहाटे तिथं प्रचंड स्फोट झाला आणि कारखाना कायमचा बंद पडला.

अशा ठिकाणी अमेरिकेतली सर्वांत जुनी वनस्पतिबाग असेल असं कुणाला वाटणार नाही, पण ती आहे. जॉन बार्ट्रम या क्वेकर शेतकऱ्यानं १७२८ साली ही जमीन घेतली. शाळेत फारसा न गेलेला हा माणूस जंगलं तुडवत बियाणं गोळा करायचा आणि लंडनच्या पीटर कॉलिन्सन या व्यापाऱ्यामार्फत पेट्या भरभरून इंग्लंडातल्या धनिकांच्या बागांना पाठवायचा. १७६५ साली त्याला आणि त्याचा मुलगा विल्यमला जॉर्जियात अल्टामाहा नदीच्या काठी पांढऱ्या फुलांचं एक अनोळखी झाड दिसलं. पुढे त्याला बेंजामिन फ्रँकलिनचं नाव मिळालं. १८०३ नंतर हे झाड रानात कुणालाही दिसलेलं नाही. आज जगभर जी फ्रँकलिनियाची झाडं फुलतात, ती सगळी बार्ट्रम बापलेकांनी या बागेत रुजवलेल्या बियांची वंशज आहेत.

या बागेच्या कडेला, गवताळ उताराला लागून, सुमारे साडेतीन एकरांवर ‘सान्कोफा कम्युनिटी फार्म’ आहे. मान मागे वळवून पाठीवरचं अंडं उचलणारा पक्षी हे घानातल्या अकान लोकांचं जुनं चिन्ह. शेताचं नाव त्यावरूनच घेतलंय. मी पोचले तेव्हा ऑगस्टचं दमट ऊन होतं आणि भेंडी डोक्याहून उंच झाली होती. पिवळ्या पाकळ्या, आत जांभळा डोळा. वाफ्यांच्या पलीकडे, उन्हाच्या धुरकट पडद्याआड, मध्य शहराचे मनोरे उभे होते.

इथल्या पिकांपुढे मराठी माणसाला परकेपणा वाटत नाही. भेंडी, चवळी, रताळी यांना ओळख करून द्यावी लागत नाही. अनोळखी फक्त कॉलर्ड, कोबीच्या कुळातली रुंद पानांची भाजी. अमेरिकेच्या दक्षिणेत ती तासन् तास शिजवतात आणि उरलेलं पाणीसुद्धा पावाबरोबर पितात. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी चवळी-भात आणि जोडीला ही पालेभाजी खाण्याची रीत कृष्णवर्णीय घरांत आजही पाळली जाते. चवळी आफ्रिकेतली. आपण ज्यांना अस्सल देशी म्हणतो त्या ज्वारी, बाजरी आणि नाचणीही तिथल्याच. हजारो वर्षांपूर्वी त्या भारतात आल्या आणि इतक्या मुरल्या की भाकरीला कुणी परदेशी म्हणायला धजणार नाही. तिळाचा प्रवास उलटा. तो आपल्या उपखंडात लागवडीखाली आला, आफ्रिकेत गेला आणि तिथून गुलामांच्या जहाजांबरोबर कॅरोलायनाच्या किनाऱ्याला लागला.

पिकं एकटी गेली नाहीत. ती कशी पेरायची, कशी कांडायची, कशी साठवायची हे जाणणारी माणसं साखळदंडांत बांधून नेली गेली. दक्षिण कॅरोलायनाचे मळेवाले भातशेतीच्या प्रदेशातून पकडून आणलेल्या माणसांना जास्त किंमत मोजायचे, कारण खाऱ्या-गोड्या पाण्याचा हिशोब राखून भात पिकवणं गोऱ्या मालकांना येत नव्हतं. जुडिथ कार्नी या भूगोलाच्या अभ्यासक विदुषीनं २००१ साली ‘ब्लॅक राइस’ या ग्रंथात हीच बाजू मांडली. कॅरोलायनाच्या भाताचं किती श्रेय आफ्रिकन ज्ञानाला द्यायचं यावर इतिहासकारांचा वाद अजून चालू आहे. सुरीनाममधल्या, मळ्यांवरून पळून जंगलात वस्ती केलेल्या लोकांच्या तोंडी मात्र एक कथा पिढ्यान् पिढ्या आहे: आयाबायांनी भाताचे दाणे वेण्यांत लपवून आणले.

सान्कोफावर येणाऱ्या मुलांना हे पहिल्या दिवशी ठाऊक नसतं. ही आसपासच्या वस्तीतली हायस्कूलची मुलंमुली, दरवर्षी वीसेक. शाळा चालू असताना दुपारनंतर आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत दिवसा ती इथं काम करतात: रोपं लावणं, तण काढणं, काढणी, धुणं, जुड्या बांधणं, स्टॉलवर विक्री, एकत्र स्वयंपाक. या कामाचा त्यांना पगार मिळतो. तो मिळाल्याशिवाय या प्रकल्पाला अर्थच उरला नसता. ज्या समाजाच्या दहा पिढ्या दुसऱ्याच्या जमिनीवर फुकट राबल्या, त्याच्या सोळा वर्षांच्या मुलाला ‘ये, मातीत हात घाल, मनाला बरं वाटेल’ असं फुकटात सांगणं म्हणजे त्याच्या घरच्यांची थट्टा. शेतातून वर्षाला साधारण १५ हजार पौंड, म्हणजे पावणेसात टनांच्या आसपास माल निघतो आणि तो बहुतेक याच भागात खपतो.

शेताच्या उभारणीतलं एक प्रमुख नाव क्रिस बोल्डन-न्यूसम यांचं. ते मूळचे मिसिसिपी डेल्टातले, शेतकरी घरातले. डेल्टा म्हणजे कापसाचा प्रदेश. तिथून आणि अशाच इतर भागांतून १९१६ ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय माणसं उत्तरेच्या शहरांत आली. मागे वेठ होती, बटाईचं कर्ज होतं, झुंडीनं फासावर लटकवणारे लोक होते. शहरात आल्यावर आजीआजोबांनी परसात कॉलर्ड लावली खरी, पण मुलांना शेतीत घालायची नाही हे त्यांनी ठरवूनच टाकलं. त्यामुळे नातवाच्या मनात शेत आणि गुलामी हे दोन शब्द एकमेकांना चिकटले. पोरं आळशी आहेत म्हणून मातीकडे वळत नाहीत, असा समज बाहेरून बघणाऱ्याचा होतो. घरातली माणसं जिवावर उदार होऊन मातीतून बाहेर पडली होती, हे त्याला दिसत नाही.

मग ही गाठ सोडवायची कशी? सान्कोफात ती ताटातून सुटते. लायबेरियन शेजारणीला रताळ्यापेक्षा रताळ्याचा पाला हवा असतो. तिच्याकडे त्याची भाजी होते. फिलाडेल्फियात जन्मलेल्या मुलानं आजीच्या हातची रताळ्याची पाई खाल्लेली असते, पण पाला खातात हे त्याला नवं. स्टॉलवर उभं राहून भाजी विकताना एकाच वेलाच्या दोन टोकांना आलेल्या या दोन घरांची गाठ पडते.

मिरचीची गोष्ट तर इथल्या मातीतलीच आहे. फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला ४० किलोमीटरवर वेस्ट चेस्टर नावाचं गाव आहे. होरॅस पिपिन हा कृष्णवर्णीय चित्रकार तिथं राहायचा. पहिल्या महायुद्धात त्याच्या उजव्या खांद्यात गोळी घुसली आणि हात जवळजवळ निकामी झाला. तरी डाव्या हातानं उजवा उचलून धरत तो चित्रं काढायचा. दुखणं कमी व्हावं म्हणून तो मधमाश्यांचा डंख घ्यायचा. माश्या द्यायचा राल्फ वीव्हर नावाचा मधपाळ, आणि मोबदल्यात पिपिन त्याला बियाणं द्यायचा. त्यात एक होती ‘फिश पेपर’. या मिरचीच्या पानांवर पांढरे पट्टे असतात आणि कोवळी मिरची दुधाळ रंगाची असते. चेसापीक उपसागराच्या काठावरच्या खाणावळींत कृष्णवर्णीय आचारी माशांच्या पांढऱ्या रश्शात ती घालायचे. तिखट लागायचं, पण मिरची दिसायची नाही. विसाव्या शतकात ती बाजारातून नाहीशी झाली. वीव्हरच्या नातवाला, अन्नाचे इतिहासकार विल्यम वॉइज वीव्हर यांना, आजोबांच्या फ्रीजरच्या तळाशी बियांची बरणी सापडली. १९९५ साली त्यांनी ती वाणं बियाणं जपणाऱ्या संस्थेच्या स्वाधीन केली आणि फिश पेपर पुन्हा परसांत आली. फ्रँकलिनियाची कथा बागेतल्या पाटीवर असते. पिपिनच्या मिरचीची कथा रोपं विकणाऱ्या पोरांना तोंडपाठ करावी लागते.

पुढचं शेत उत्तरेला. न्यूयॉर्कहून ऑल्बनीकडे जाणाऱ्या गाडीत डावीकडची खिडकी मिळाली तर अडीच तास हडसन नदी सोडून दुसरं काही बघवत नाही. ऑल्बनीच्या पूर्वेला टेकड्यांत ग्राफ्टन हे गाव. तिथं बस जात नाही. रस्ता चढत जातो, मेपल आणि हेमलॉकची झाडी दाट होते आणि मोहिकन लोकांच्या या जुन्या मुलखात ‘सोल फायर फार्म’ची ८० एकर जमीन लागते. त्यातला बराच भाग जंगलाचा.

लिआ पेनिमन आणि जोना व्हिटाली-वुल्फ या जोडप्यानं ती घेतली २००६ साली. त्याआधी ती दोघं दोन लहान मुलांसह ऑल्बनीच्या साउथ एंड वस्तीत राहायची. वस्तीत दारू आणि पाकिटबंद खाणं भरपूर, ताजी भाजी मात्र नाही. दोघांना शेतीचा अनुभव आहे हे कळल्यावर शेजारीच म्हणू लागले की मग आमच्यासाठी शेत कधी काढणार? घेतलेली जमीन उताराची, खडकाळ, वर सुपीक मातीचा पातळ थर. पहिली काही वर्षं माती घडवण्यात आणि घर बांधण्यात गेली. मग भाजीची खोकी दर आठवड्याला साउथ एंडच्या दारांत जाऊ लागली, ज्याला जेवढे परवडतील तेवढे पैसे घेऊन.

पेनिमन विज्ञानाच्या शिक्षिका होत्या आणि ते त्यांच्या लिहिण्यात जाणवतं. २०१८ साली आलेल्या ‘फार्मिंग व्हाइल ब्लॅक’ या पुस्तकात मातीपरीक्षणापासून जमिनीच्या कागदपत्रांपर्यंत सगळं आहे, आणि प्रत्येक रीत कुणाची तेही आहे. उत्तर नामिबियातल्या ओवाम्बो शेतकऱ्यांचे उंच वाफे. घाना-लायबेरियातल्या बायकांनी राख, हाडं आणि चुलीचा कोळसा घालून पिढ्यान् पिढ्या घडवलेली काळी माती. हैतीतलं कोंबित, म्हणजे आपल्याकडची सावड किंवा इर्जिक. आज याच्या शेतात सगळे, उद्या त्याच्या, आणि जेवण यजमानाकडे.

इथं येणाऱ्या तरुणांबद्दलचा एक प्रसंग पेनिमन यांनी लिहून ठेवला आहे. एका गटातला मुलगा व्हॅनमधून उतरायलाच तयार नव्हता. डोक्यावर टोपडं ओढलेलं, कानात गाणी, पायात नवे कोरे जॉर्डन बूट. त्या बुटांना चिखल लागू द्यायचा नव्हता. अखेर इतरांबरोबर तो फिरायला निघाला, बूट काढून. चिखलात पाय टेकल्यावर त्याला आजी आठवली. लहानपणी तिनं त्याला बागकाम शिकवलं होतं, किड्यांनी वळवळणारी माती हलक्या हातानं कशी धरायची ते दाखवलं होतं. आजी गेली आणि ते सारं तो विसरून गेला होता. शेतानं त्याला नवं काही शिकवलं नव्हतं.

सोल फायरनं ऑल्बनी जिल्ह्याच्या न्यायालयांबरोबरही एक प्रयोग केला: किरकोळ गुन्ह्यात सापडलेल्या मुलांनी कोठडीऐवजी शेतावर काम शिकायचं, त्याचा मोबदला घ्यायचा आणि त्यातून नुकसानभरपाई फेडायची. पण शेताची खरी ओळख झाली ती कृष्णवर्णीय आणि लॅटिन वंशाच्या नवशिक्या शेतकऱ्यांसाठीच्या निवासी वर्गांमुळे. आठवडाभर राहायचं, राबायचं, शिकायचं. या वर्गांत एक प्रश्न हटकून येतो: शिकलो, पण करायचं कुठं?

या प्रश्नाला तारीख आहे. १२ जानेवारी १८६५ रोजी, यादवी युद्ध संपत आलं असताना, जॉर्जियातल्या सव्हाना शहरात जनरल शर्मन आणि युद्धमंत्री स्टँटन यांनी २० कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना भेटायला बोलावलं. त्यांच्या वतीनं गॅरिसन फ्रेझर बोलले. स्वतःच्या पैशानं गुलामीतून सुटका करून घेतलेला ६७ वर्षांचा माणूस. स्वतःचं पोट स्वतः भरायचं तर काय हवं, या प्रश्नाला त्यांचं उत्तर सरळ होतं: जमीन, आणि ती स्वतःच्या कष्टानं कसण्याची मुभा. चार दिवसांनी शर्मननं हुकूम काढला. किनारपट्टीवरची सुमारे ४ लाख एकर जमीन प्रत्येकी ४० एकरांपर्यंतच्या तुकड्यांनी मुक्त झालेल्या कुटुंबांना द्यायची. जवळपास ४० हजार माणसं त्या जमिनीवर गेली, पेरण्या झाल्या. लिंकनच्या खुनानंतर गादीवर आलेल्या अँड्र्यू जॉन्सननं त्याच वर्षी ती जुन्या मळेवाल्यांना परत केली.

तरीही लोकांनी पै पै जोडून जमीन घेतली. १९२० च्या गणनेत अमेरिकेत ९ लाख २५ हजार कृष्णवर्णीय शेतकरी होते, एकूण शेतकऱ्यांच्या १४ टक्के. २०२२ च्या गणनेत हा आकडा पन्नास हजारांच्या आत आला आहे, दीड टक्क्याहूनही कमी. जमीन गेली ती अनेक वाटांनी: दहशतीनं, कर्जानं, आणि वारसा कायद्यातल्या फटीतून. मृत्युपत्र न करता माणूस गेला की जमीन सगळ्या वारसांची सामाईक होते. त्यातला एकच हिस्सा कुणा बाहेरच्यानं विकत घेतला की तो न्यायालयात जाऊन अख्ख्या जमिनीचा लिलाव मागू शकतो. सातबाऱ्यावर दहा नावं असलेल्या जमिनीचे हाल पाहिलेल्या मराठी वाचकाला हे समजावून सांगावं लागणार नाही. शिवाय सरकारी शेतकर्ज वाटणाऱ्या स्थानिक समित्या गोऱ्यांच्या हातात. कृष्णवर्णीयाचा अर्ज पेरणीचा हंगाम उलटेपर्यंत पडून राहायचा. १९९९ साली ‘पिगफर्ड’ खटल्यात तडजोड होऊन कृषी खात्याला भरपाई द्यावी लागली. २०२१ साली अमेरिकी काँग्रेसनं ४ अब्ज डॉलरची कर्जमाफी मंजूर केली. गोऱ्या शेतकऱ्यांनी दावे लावले, ती अडकली आणि पुढच्या वर्षी रद्दच झाली. तिच्या जागी आलेल्या, वंशाचा उल्लेख नसलेल्या योजनेतून २०२४ मध्ये ४३ हजारांहून अधिक शेतकऱ्यांना सुमारे २ अब्ज डॉलर मिळाले. १९२० ते १९९७ या काळात गेलेल्या जमिनीची किंमत अर्थतज्ज्ञांनी २०२२ मध्ये काढली ती ३२६ अब्ज डॉलर.

महाराष्ट्रात या इतिहासातला एक माणूस घरोघरी पोचला आहे. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ १९८१ साली आलं आणि टस्कगीतला तो प्रयोगवेडा प्राध्यापक मराठी मुलांचा झाला. कापसानं थकलेल्या जमिनीत भुईमूग, चवळी, रताळी घ्या, असं सांगत त्यानं १९०६ मध्ये घोडागाडीवर फिरती शाळा काढली हे आपण वाचलेलं असतं. आपल्याला कार्व्हर एकटा भेटतो, कमळासारखा. इथल्या शेतांवर तो मोठ्या गोतावळ्यात असतो. त्याच टस्कगीत पुढे बुकर टी. व्हॉटली आले. ग्राहकानं आधी वर्गणी भरायची आणि हंगामभर शेतावर येऊन माल न्यायचा, ही कल्पना त्यांनी छोट्या शेतकऱ्यांसाठी मांडली. आणि मिसिसिपीत फॅनी लू हेमर होत्या.

हेमर बाईंनी १९६२ साली मतदार म्हणून नाव नोंदवायचा प्रयत्न केला आणि अठरा वर्षं राबलेल्या मळ्यावरून त्यांना त्याच दिवशी हाकलण्यात आलं. मताचा हक्क मागणाऱ्याचं पोट मालकाच्या हातात आहे तोवर मताला अर्थ नाही, हे त्या तिथं शिकल्या. १९६९ साली त्यांनी सनफ्लॉवर परगण्यात ४० एकरांवर ‘फ्रीडम फार्म’ ही सहकारी संस्था काढली. पुढे ती ६८० एकरांपर्यंत वाढली. तिथं डुकरांची बँक होती. गरजू घराला एक मादी मिळायची. ती व्यायली की काही पिल्लं बँकेत परत, ती पुढच्या घराला. पूर, दुष्काळ आणि कर्जाचे हप्ते यांनी सत्तरच्या दशकाच्या मध्यावर संस्था मोडली.

ऑल्बनीहून संध्याकाळची गाडी पकडली की भल्या पहाटे टोलेडोला उतरवते. तिथून बसनं डेट्रॉइट. या शहराची लोकसंख्या १९५० साली साडेअठरा लाख होती, २०२० साली ६ लाख ३९ हजार. मोटारींचे कारखाने गेले, गोरे उपनगरांत गेले, २०१३ मध्ये महापालिकेनं दिवाळं काढलं. मागे राहिलेल्यांत चारापैकी तिघं कृष्णवर्णीय. २००७ साली शेवटच्या मोठ्या किराणा साखळीनंही शहर सोडलं. पुढची सहा वर्षं इथं बड्या कंपनीचं एकही सुपरमार्केट नव्हतं.

रिकाम्या जागेत भाजी लावायची कल्पना डेट्रॉइटला जुनीच. १८९३ च्या मंदीनंतर महापौर हेझन पिंग्री यांनी बेकारांना पडीक भूखंडांवर बटाटे लावायला दिले आणि त्यासाठी पैसे उभे करायला स्वतःचा घोडा लिलावात काढला. शंभर वर्षांनी दक्षिणेतून आलेल्या म्हाताऱ्या बायका-पुरुषांनी आपापल्या गल्लीतल्या मोकळ्या जागा खणल्या. त्यांना ‘गार्डनिंग एंजल्स’ म्हणत. जेम्स आणि ग्रेस ली बॉग्ज या कार्यकर्त्या जोडप्यानं १९९२ मध्ये ‘डेट्रॉइट समर’ सुरू करून तरुणांना त्यांच्या हाताखाली आणून बसवलं.

शहराच्या पश्चिम टोकाला रूझ पार्क या अफाट उद्यानात ‘डी-टाउन फार्म’ आहे. सात एकर, पॉलिहाऊस, मधमाश्यांच्या पेट्या, खताचे मोठाले ढीग. २००६ साली स्थापन झालेली कृष्णवर्णीयांची अन्नहक्क संघटना हे शेत चालवते. तिचे एक संस्थापक मलिक याकिनी हे न्सोरोमा इन्स्टिट्यूट या आफ्रिकाकेंद्री शाळेचे मुख्याध्यापक होते. शाळेच्या बागेतून हे काम वाढत गेलं. आज संघटनेच्या ‘फूड वॉरियर्स’ कार्यक्रमात मुलं पेरायला शिकतात, आणि त्याच तासाला आपल्या गल्लीच्या दुकानात भाजी का नाही हेही शिकतात. शेतावर फिरताना दुसरा धडा पहिल्याइतकाच गंभीरपणे घेतलेला दिसतो.

त्या धड्याचं प्रात्यक्षिक वुडवर्ड अव्हेन्यूवर उभं आहे. १ मे २०२४ रोजी तिथं ‘डेट्रॉइट पीपल्स फूड को-ऑप’ उघडलं. कृष्णवर्णीयांच्या पुढाकारानं, सभासदांच्या मालकीचं हे भांडार उभं राहायला दशकाहून जास्त काळ लागला. खरेदीला सभासदत्वाची अट नाही. वरच्या मजल्यावर छोट्या खाद्यव्यावसायिकांसाठी सामाईक स्वयंपाकघरं आहेत. भाजीच्या कप्प्यांत स्थानिक शेतांचा माल शोधला तर सापडतो, पण भांडार फक्त त्यावर चालणार नाही, याची जाणीव किमतींच्या पाट्या वाचताना होते.

आणि जमीन? डी-टाउनची जमीन महापालिकेची, भाडेपट्ट्यावर. सान्कोफाचीही शहराच्याच मालकीच्या बागेतली. बार्ट्रम गार्डन १८९१ पासून फिलाडेल्फिया शहराचं आहे. डेट्रॉइटच्या लँड बँकेकडे, म्हणजे पडीक मालमत्ता सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेकडे, हजारो रिकामे भूखंड पडून आहेत. २०१२ च्या डिसेंबरात नगर परिषदेनं शहराच्या पूर्व भागातले सुमारे १५०० भूखंड एका गोऱ्या उद्योजकाच्या वृक्षलागवडीला विकले, तेव्हा वर्षानुवर्षं तशाच भूखंडांवर भाजी पिकवणारे लोक सभागृहात ओरडून सांगत होते की आम्ही मागितले तर आम्हाला मिळत नाहीत. लगतचा भूखंड १०० डॉलरला घेण्याची सोय आहे. पण ती शेजारच्या घराच्या मालकाला, आणि त्याच्या मालमत्ता कराची थकबाकी नसली तरच. भाडेकरूच्या मुलानं तिथं पाच वर्षं भेंडी काढली असली तरी त्याचा अर्ज बसत नाही.

म्हणून २०२० च्या जूनटींथला, म्हणजे गुलामीमुक्तीच्या स्मरणदिनी, तीन संस्थांनी मिळून ‘डेट्रॉइट ब्लॅक फार्मर लँड फंड’ काढला: डी-टाउनची संघटना, ओकलँड अव्हेन्यू अर्बन फार्म आणि ‘कीप ग्रोइंग डेट्रॉइट’. लोकांकडून वर्गणी गोळा करायची आणि शहरात आधीपासून पिकवणाऱ्या कृष्णवर्णीय माणसाला आपल्या पायाखालची जमीन आपल्या नावावर करून घ्यायला मदत करायची, असं त्याचं काम. इथं चाळीस एकरांची भाषा कुणी करत नाही. हिशोब भूखंडांत चालतो, आणि अर्जदारांत तिशीच्या आतलेही असतात.